संकेतस्थळावरील मराठी अक्षराचे वळण

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर हा राज्याचा छत्तिसावा जिल्हा अस्तित्वात आला. पालघर, वसई, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, वाडा आणि विक्रमगड अशा आठ तालुक्यांचा हा जिल्हा सातपाटी, केळवे, चिंचणी यांसारख्या किनाऱ्यावरील गावांपासून जव्हार-मोखाड्याच्या डोंगराळ पाड्यांपर्यंत पसरलेला आहे. येथे मराठीबरोबरच वारली, वाडवळी, मांगेली, सामवेदी अशा बोली बोलल्या जातात. उत्तरेकडील तालुक्यांना गुजरातीचा शेजार आहे. बोईसर येथे रोजगारासाठी आलेल्या परप्रांतीय कामगारांमुळे हिंदीही सर्रास ऐकू येते.

याच बोईसर-तारापूर पट्ट्यात २८ ऑक्टोबर १९६९ रोजी देशातील पहिल्या अणुवीज केंद्रातून व्यापारी तत्त्वावर वीजनिर्मिती सुरू झाली. पुढे २००५ आणि २००६ मध्ये प्रत्येकी ५४० मेगावॉट क्षमतेच्या दोन अणुभट्ट्यांची तेथे भर पडली. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या तारापूर औद्योगिक क्षेत्रात रासायनिक कारखान्यांची संख्या मोठी आहे. अशा परिसरात नागरिकांसाठी काढलेल्या सूचनेला विशेष महत्त्व असते. घातक रसायनांची निर्मिती, साठवण व आयात यांसंबंधीच्या १९८९ च्या नियमांनुसार, मोठ्या अपघाताची झळ ज्यांना पोचू शकते अशा कारखान्याबाहेरील लोकांना धोक्याचे स्वरूप, सुरक्षिततेचे उपाय आणि काय करावे, काय करू नये याची माहिती देणे आवश्यक आहे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ नेही माहिती प्रसृत करताना स्थानिक भाषा आणि त्या भागातील परिणामकारक साधन यांचा विचार करावा, असे सांगितले आहे.

आज असे एक प्रमुख साधन म्हणजे संकेतस्थळ होय. जिल्हा प्रशासनाचे संकेतस्थळ मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत आहे. नगरपरिषदा, ग्रामपंचायती आणि शाळाही आपली पाने तयार करून घेत आहेत. मजकूर शुद्ध मराठीत लिहिला, तो तपासला आणि संकेतस्थळावर चढविला की काम संपले, अशी समजूत अनेकदा आढळते. परंतु मजकूर चढविणे आणि तो वाचकापर्यंत नीट पोचणे यांच्यामध्ये एक पायरी असते. ती पायरी म्हणजे अक्षराचे वळण, म्हणजेच फॉन्ट, ठरविण्याची. या पायरीवर झालेली चूक कार्यालयातील संगणकावर सहसा दिसत नाही. ती गावातील वाचकाच्या भ्रमणध्वनीवर दिसते.

छापील पान आणि पडद्यावरील पान

मराठी मुद्रणाला सुबक अक्षरांची मोठी परंपरा आहे. जावजी दादाजी यांनी १८६९ मध्ये मुंबईत स्थापन केलेला निर्णयसागर छापखाना त्याच्या देखण्या देवनागरी खिळ्यांसाठी देशभर ओळखला गेला. ते खिळे घडविणारे राणोजी रावजी आरू यांचे नाव मुद्रणाच्या इतिहासात आदराने घेतले जाते. शासकीय मुद्रणालयाची धुरा वाहिलेले बापूराव नाईक यांचा देवनागरी मुद्राक्षरांवरील बृहद्ग्रंथ भाषा संचालनालयाने १९७१ मध्ये प्रसिद्ध केला. अक्षराचे वळण हा शासनाच्याही आस्थेचा विषय असल्याचे त्यावरून दिसते.

खिळे जुळवून छापलेले पान छापखान्यातच पूर्ण होत असे. जुळारीने जे अक्षर निवडले, तेच पालघरच्या आणि मोखाड्याच्या वाचकाच्या हाती पडे. संकेतस्थळाचे पान मात्र वाचकाच्या हातातील यंत्रावर तयार होते. कार्यालयाकडून दोन गोष्टी निघतात : एक मजकूर आणि दुसरे त्याच्या मांडणीच्या सूचनांचे पत्रक. या पत्रकास स्टाइलशीट किंवा शैलीपत्रक म्हणतात. मजकूर आणि मांडणी वेगळी ठेवण्याची ही पद्धत हाकून विउम ली या नॉर्वेच्या तंत्रज्ञाने १९९४ मध्ये सुचविली आणि डिसेंबर १९९६ मध्ये तिला जागतिक शिफारशीचे स्वरूप मिळाले. वाचकाच्या यंत्रावरील ब्राउझर हे पत्रक वाचतो आणि त्याच्याजवळ जी अक्षरे उपलब्ध असतील त्यांतून पान उभे करतो.

त्यामुळे शैलीपत्रकात लिहिलेले फॉन्टचे नाव ही एक विनंती असते. ती पुरी करणे वाचकाच्या यंत्राला शक्य नसेल, तर ते दुसरे अक्षर वापरते. हे दुसरे अक्षर कोणते असावे याचा विचार आधीच करून ठेवणे, हाच फॉन्टच्या निवडीचा गाभा आहे.

सांकेतिक क्रमांक आणि रूप

संगणक अक्षर साठवितो ते क्रमांकाच्या स्वरूपात. त्या क्रमांकाला पडद्यावर आकार देण्याचे काम फॉन्ट करतो. एके काळी मराठीसाठी प्रत्येक उत्पादकाच्या फॉन्टचे क्रमांक निराळे होते. त्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्याच क्रमांकांवर देवनागरी आकार बसविलेले असत. तो विशिष्ट फॉन्ट ज्याच्या संगणकावर आहे त्याला मराठी दिसे. इतरांना त्याच जागी इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे यांची सरमिसळ दिसे. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये भारतीय लिप्यांसाठी एक सामायिक संकेतावली मानक म्हणून स्वीकारली. त्याच वर्षी युनिकोड या जागतिक संकेतावलीची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली आणि तीत देवनागरीला स्वतंत्र स्थान मिळाले. शासकीय संकेतस्थळांसाठी २००९ मध्ये निघालेल्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनीही भारतीय भाषांसाठी युनिकोडच्या वापरावर भर दिला. या तत्त्वांची तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये आली.

तरीही जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टंकलिखित केलेली कागदपत्रे अनेक कार्यालयांत आहेत. अशा कागदातील मजकूर उचलून संकेतस्थळावर चिकटविला, तर शैलीपत्रकात कितीही चांगला फॉन्ट नमूद केला तरी उपयोग होत नाही, कारण मुळात तेथे मराठी अक्षरे नसतातच. त्या पानावर ‘केळवे’ किंवा ‘पास्थळ’ हा शब्द शोधला तर सापडत नाही. अंध वाचकासाठी मजकूर वाचून दाखविणारी आज्ञावलीही तो वाचू शकत नाही. कागदाचे छायाचित्र चढविले तर दिसण्याचा प्रश्न सुटतो. शोधण्याचा आणि ऐकण्याचा तसाच राहतो. म्हणून फॉन्टची निवड करण्यापूर्वी सर्व मजकूर युनिकोडमध्ये असल्याची खात्री करणे, ही पहिली पायरी होय.

शैलीपत्रकातील यादी

शैलीपत्रकात फॉन्टसाठी जो नियम असतो, त्यास ‘फॉन्ट-फॅमिली’ असे नाव आहे. त्यापुढे एकाच फॉन्टचे नाव न देता स्वल्पविरामांनी वेगळी केलेली नावांची यादी द्यावयाची असते. ब्राउझर यादीतील पहिले नाव घेतो. तो फॉन्ट यंत्रावर असेल आणि त्यात हवे ते अक्षर असेल, तर ते वापरतो. नसेल तर दुसऱ्या नावाकडे वळतो. यादीच्या अखेरीस कोणत्याही विशिष्ट फॉन्टचे नाव न देता केवळ प्रकार सांगावयाचा असतो. ‘सेरिफ’ म्हणजे टोकांना नक्षीदार फराटे असलेले अक्षर आणि ‘सॅन्स-सेरिफ’ म्हणजे तसे फराटे नसलेले अक्षर. देवनागरीला हे वर्गीकरण तंतोतंत लागू पडत नाही. तथापि हा शेवटचा शब्द लिहिणे आवश्यक असते, कारण यादीतील एकही फॉन्ट न सापडल्यास ब्राउझर त्यावरूनच आपल्याकडील योग्य फॉन्ट शोधतो.

येथे एक बाब ध्यानात घ्यावयास हवी. ही निवड संपूर्ण पानासाठी एकदाच होत नाही. एखादे अक्षर पहिल्या फॉन्टमध्ये नसेल तर तेवढेच अक्षर दुसऱ्या फॉन्टमधून घेतले जाते. केवळ रोमन अक्षरे असलेल्या फॉन्टचे नाव यादीत पहिले असेल, तर इंग्रजी शब्द त्या फॉन्टमध्ये दिसतात आणि मराठी मजकुरासाठी ब्राउझर पुढे जातो. पुढे देवनागरीचा एकही फॉन्ट नमूद केलेला नसेल, तर निर्णय पूर्णपणे वाचकाच्या यंत्रावर सोपविला जातो. इंग्रजी संकेतस्थळाचा तयार साचा घेऊन त्यात मराठी मजकूर भरला की नेमके हेच घडते. पान दिसते, पण त्याची मांडणी कोणीच ठरविलेली नसते.

वाचकांच्या यंत्रांवर कोणते देवनागरी फॉन्ट असतात, हेही पाहणे उपयुक्त ठरेल. अँड्रॉइड प्रणालीच्या भ्रमणध्वनींवर सर्वसाधारणपणे नोटो सॅन्स देवनागरी हा फॉन्ट असतो. आयफोनवर कोहिनूर देवनागरी आढळतो. विंडोज प्रणालीच्या संगणकांवर मंगल हा फॉन्ट २००० सालापासून येऊ लागला. तो सुलेखनकार आणि अध्यापक र. कृ. जोशी यांनी घडविला होता. विंडोजच्या आठव्या आवृत्तीपासून निर्मला यूआय हा फॉन्ट आला, आणि दहाव्या आवृत्तीपासून मंगल हा सर्व संगणकांवर आपोआप न येता पूरक संचाचा भाग झाला. म्हणजे ज्या शैलीपत्रकात केवळ मंगल एवढेच नाव आहे, ते कार्यालयातील जुन्या संगणकावर एक रूप दाखवील आणि बोईसरच्या कामगाराच्या भ्रमणध्वनीवर दुसरेच. यादीत या सर्व प्रणालींवरील एकेका फॉन्टचे नाव असणे म्हणूनच हिताचे असते.

मराठीची स्वतःची अक्षरे

देवनागरी लिपी मराठी, हिंदी, नेपाळी, कोकणी आणि संस्कृत या भाषांसाठी वापरली जाते. फॉन्ट देवनागरी असला म्हणजे तो मराठीसाठी पुरेसा आहे, असे मात्र नव्हे. त्याची पारख चार अक्षरांवर होते.

पहिली दोन अक्षरे ‘ल’ आणि ‘श’. मराठीत ‘ल’ दोन पाकळ्यांचा लिहिला जातो, तर हिंदीत त्याला उजवीकडे उभा दंड असतो. ‘श’ चे मराठी वळणही हिंदीहून वेगळे आहे. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयाद्वारे मराठीची प्रमाण वर्णमाला आणि लिपी निश्चित करताना पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ स्वीकारले. युनिकोडमध्ये मात्र दोन्ही वळणांसाठी क्रमांक एकच आहे. क्रमांकावरून भाषा कळत नसल्यामुळे बरेच फॉन्ट हिंदी वळणच दाखवितात. काही फॉन्टमध्ये दोन्ही वळणे असतात. मजकूर मराठी आहे असे सांगितल्यास ते मराठी वळण पुढे करतात. हे सांगण्याची सोय पानाच्या रचनेतच आहे. ‘लँग’ या निर्देशापुढे मराठीसाठी ‘एमआर’ ही दोन अक्षरी खूण द्यावयाची असते. ही खूण न दिल्यास, किंवा साच्यातील इंग्रजीची खूण तशीच राहिल्यास, चांगल्या फॉन्टमधील मराठी ‘ल’ आणि ‘श’ झाकलेलेच राहतात. तिरो देवनागरी या फॉन्टच्या तर हिंदी, मराठी आणि संस्कृतसाठी स्वतंत्र आवृत्त्या आहेत.

हा प्रश्न निव्वळ सौंदर्याचा आहे, असे कोणी म्हणेल. प्रौढ वाचकाला दोन्ही वळणे वाचता येतात, हे खरेच. पण पहिलीच्या वर्गात ‘शाळा’ आणि ‘लगोरी’ हे शब्द एका वळणात गिरविणाऱ्या मुलाला शाळेच्याच संकेतस्थळावर दुसरे वळण दिसावे, हे शिक्षणाच्या दृष्टीने इष्ट नाही. घरी वारली बोलणाऱ्या आणि शाळेत प्रमाण मराठी नव्याने शिकणाऱ्या मुलाच्या बाबतीत तर हे अधिकच खरे आहे.

तिसरे अक्षर म्हणजे ‘ऱ्य’ मधील अर्धा ‘र’. पालघर जिल्ह्यात समुद्राला ‘दर्या’ म्हणतात आणि जव्हारच्या डोंगरात ‘दऱ्या’ आहेत. या दोन शब्दांतील भेद केवळ ‘र’ च्या रूपाचा आहे. ‘शेतकऱ्यांना’, ‘कर्मचाऱ्यांनी’, ‘जिल्हाधिकाऱ्यांचे’ असे शब्द शासकीय मराठीत ओळीओळीला येतात. जो फॉन्ट हे रूप नीट जोडत नाही, तो मोडलेला ‘र’ आणि सुटा पाय दाखवितो. हे रूप टंकलिखित करण्याच्या दोन पद्धती रूढ असल्याने दोन ठिकाणी सारख्याच दिसणाऱ्या शब्दांचे क्रमांक भिन्न असू शकतात आणि शोध फसतो. एका कार्यालयाने एकच पद्धत ठरवून पाळणे हा त्यावरील उपाय होय.

चौथे अक्षर ‘ॲ’. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत, समाविष्ट झाले. त्यापूर्वीच्या फॉन्टमध्ये ते असण्याचा संभव नाही. बोईसर-तारापूर परिसराच्या दृष्टीने या अक्षराचे महत्त्व सांगावयास नको. ‘ॲसिड’ आणि ‘ॲम्ब्युलन्स’ हे दोन्ही शब्द त्यानेच सुरू होतात. सर्वांत निकडीच्या सूचनेतील पहिल्या अक्षराच्या जागी रिकामी चौकट दिसणे, ही किरकोळ उणीव मानता येणार नाही.

ओळींतील अंतर आणि अक्षराचा आकार

रोमन अक्षरे एका रेषेवर उभी असतात. देवनागरी अक्षरे शिरोरेषेला लोंबतात. त्यांच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार तर खाली उकार आणि जोडाक्षरांचे पाय येतात. इंग्रजीसाठी आखलेल्या साच्यात दोन ओळींमधील अंतर मराठीला अपुरे पडते. शैलीपत्रकात हे अंतर ‘लाइन-हाइट’ या नियमाने ठरते. मराठी मजकुरासाठी ते अक्षराच्या आकाराच्या किमान दीडपट आणि शक्य तर त्याहून थोडे अधिक ठेवावे. मथळ्यांच्या पट्ट्या आणि बटणे यांची उंची ठराविक ठेवली की वरचे किंवा खालचे चिन्ह कापले जाते. ‘धूर’ मधील उकार कापला गेला तर ‘धर’ उरतो. ‘खिडक्या बंद ठेवा’ मधील अनुस्वार गेला तर शब्दाचा अर्थच जातो.

अक्षरांमधील अंतर वाढविणारा ‘लेटर-स्पेसिंग’ हा नियम इंग्रजी मथळ्यांसाठी सर्रास वापरतात. देवनागरीत त्यामुळे शिरोरेषा तुटते आणि शब्द सुट्या अक्षरांत विखुरतो. मराठी पानावर तो वापरू नये. तिरपे अक्षर ही पाश्चात्त्य मुद्रणातील रूढी आहे. ज्या देवनागरी फॉन्टमध्ये तिरपे रूप घडविलेले नाही, तेथे ब्राउझर सरळ अक्षरच ओढून तिरपे करतो आणि ते विद्रूप दिसते. भर देण्यासाठी ठळक अक्षर वापरावे. मात्र फॉन्टमध्ये ठळक रूप खरोखरच असल्याची खात्री करावी. ते नसल्यास ब्राउझर साधे अक्षर फुगवितो आणि ‘क्ष’, ‘द्ध’, ‘ष्ट्र’ यांसारख्या अक्षरांतील पोकळ्या भरून जातात.

एकाच आकड्याचा आकार दिला तरी मराठी अक्षर रोमन अक्षरापेक्षा लहान भासते, कारण त्याला त्याच उंचीत मात्रा आणि उकार यांसाठी जागा राखावी लागते. म्हणून मराठी पानावरील अक्षर इंग्रजी पानापेक्षा थोडे मोठे ठेवणे योग्य ठरते. वाचकाने ते दुप्पट मोठे केले तरी मजकूर कापला जाऊ नये, आणि अक्षर व पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे गुणोत्तर किमान ४.५ : १ असावे, असे सुगम्यतेचे आंतरराष्ट्रीय निकष सांगतात. फिकट करड्या रंगातील बारीक मराठी अक्षरे उन्हात उभ्या असलेल्या मच्छीमाराला किंवा चष्मा घरी राहिलेल्या वृद्धाला वाचता येत नाहीत.

फॉन्ट सोबत पाठविण्याचा पर्याय

वाचकाच्या यंत्रावर विसंबून न राहता संकेतस्थळाने फॉन्टही पानासोबत पाठविण्याची सोय आहे. त्यासाठी वॉफ या संक्षिप्त स्वरूपाच्या धारिका वापरल्या जातात. या स्वरूपाला डिसेंबर २०१२ मध्ये, तर त्याच्या दुसऱ्या, अधिक आटोपशीर आवृत्तीला मार्च २०१८ मध्ये जागतिक शिफारशीचा दर्जा मिळाला. त्यामुळे सर्व वाचकांना एकच वळण दिसते आणि शासनाने स्वीकारलेले ‘ल’ आणि ‘श’ कटाक्षाने दाखविता येतात. नोटो सॅन्स देवनागरी, मुंबईच्या एक टाइप या संस्थेने घडविलेला मुक्त, तसेच तिरो देवनागरी मराठी हे फॉन्ट मुक्त परवान्याखाली विनामूल्य उपलब्ध आहेत. विकत घेतलेल्या फॉन्टचा परवाना बहुधा छपाईपुरता असतो. तो संकेतस्थळावर वापरण्यापूर्वी त्यातील अटी वाचणे आवश्यक आहे.

या सोयीची किंमतही आहे. देवनागरीत शेकडो जोडाक्षरे असल्याने तिच्या फॉन्टची धारिका रोमन फॉन्टच्या कित्येक पट मोठी असते. साधे आणि ठळक अशी दोन रूपे घेतली की दोन धारिका लागतात. पालघर शहरात हे ओझे जाणवणार नाही. डोंगराळ पाड्यावर जेथे भ्रमणध्वनीचा संदेशच क्षीण आहे, तेथे ते जाणवेल. अशा वेळी फॉन्ट येईपर्यंत ब्राउझर साधारण तीन सेकंदांपर्यंत मजकूर लपवून ठेवतो. निकडीच्या सूचनेसाठी हे योग्य नव्हे. शैलीपत्रकात ‘फॉन्ट-डिस्प्ले’ या नियमापुढे ‘स्वॉप’ असे लिहिल्यास मजकूर यंत्रावरील फॉन्टमध्ये ताबडतोब दिसतो आणि पाठविलेला फॉन्ट पोचल्यावर वळण बदलते. आधी माहिती, मग वळण हा क्रम शासकीय पानासाठी उचित आहे. आपत्कालीन सूचनेच्या पानावर तर फॉन्ट न पाठविता यंत्रावरील फॉन्टचीच विचारपूर्वक केलेली यादी ठेवणे अधिक श्रेयस्कर ठरेल.

ग्रामपंचायतीने काय पाहावे

संकेतस्थळ बाहेरच्या कंत्राटदाराकडून तयार करून घेताना ग्रामपंचायतीच्या सदस्यांना शैलीपत्रक लिहिता येण्याची गरज नाही. काम ताब्यात घेण्यापूर्वी पुढील बाबी तपासता आल्या तरी पुरे आहे.

१. सर्व मजकूर युनिकोडमध्ये आहे काय? पानावरील एखादा मराठी शब्द शोधून पाहिल्यास हे चटकन कळते.

२. पानावर मराठीची भाषाखूण दिली आहे काय?

३. फॉन्टच्या यादीत देवनागरी फॉन्ट आहेत काय आणि अखेरीस फॉन्टचा प्रकार नमूद आहे काय?

४. पाठविलेल्या फॉन्टचा परवाना संकेतस्थळावरील वापरास मुभा देतो काय?

५. फॉन्ट न पोचल्यासही मजकूर दिसतो काय?

६. अक्षर दुप्पट केले असता वेलांट्या, अनुस्वार आणि उकार शाबूत राहतात काय?

याखेरीज एक चाचणी प्रत्येक गावाला सहज घेता येईल. पुढीलप्रमाणे एक नमुना मजकूर पानावर ठेवावा : “शिरगाव, केळवे, कोलवडे, पास्थळ, उच्छेळी आणि विक्रमगड येथील रहिवाशांसाठी सूचना. ॲसिडचा उग्र दर्प किंवा धूर जाणवल्यास दारे-खिडक्या बंद ठेवाव्यात, वाऱ्याची दिशा पाहावी आणि अधिकाऱ्यांच्या सूचनांचे पालन करावे.” यातील प्रत्येक शब्दाला काम आहे. ‘शिरगाव’ मध्ये ‘श’, ‘कोलवडे’ मध्ये ‘ल’, ‘केळवे’ मध्ये ‘ळ’, ‘पास्थळ’ आणि ‘उच्छेळी’ मध्ये जोडाक्षरे, ‘विक्रमगड’ मध्ये ‘क्र’, ‘ॲसिड’ मध्ये ‘ॲ’, ‘धूर’ मध्ये खालचा उकार, ‘बंद’ मध्ये अनुस्वार, तर ‘वाऱ्याची’ आणि ‘अधिकाऱ्यांच्या’ या शब्दांत अर्धा ‘र’ आहे. हे पान कार्यालयातील संगणकावर पाहून थांबू नये. एखाद्या शिक्षकाचा, आशा कार्यकर्तीचा, कारखान्यातील कामगाराचा आणि एखाद्या वृद्धाचा असे चार निरनिराळे भ्रमणध्वनी घ्यावेत आणि त्यांवर ते उघडून त्यांच्याकडूनच मोठ्याने वाचवून घ्यावे. वाचणारा जेथे अडखळेल, तेथे दुरुस्तीची जागा सापडेल.

महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ अन्वये मराठी ही राज्यकारभाराची भाषा झाली. तिचा खरा वापर कागदावर जसा व्हावयास हवा, तसाच तो आता पडद्यावरही व्हावयास हवा. त्यासाठी खर्च फारसा नाही. लागतात त्या शैलीपत्रकातील काही नेमक्या ओळी आणि वाचकाच्या बाजूने पाहण्याची सवय. औद्योगिक पट्ट्यातील एखाद्या रात्री सूचना काढण्याची वेळ आलीच, तर ती वाचणाऱ्याला अक्षर लावत बसावे लागू नये. गावाचे नाव, धोक्याचे नाव आणि करावयाची कृती या तीन गोष्टी पहिल्या दृष्टिक्षेपात स्पष्ट दिसाव्यात, एवढीच या सर्व तजविजीमागील अपेक्षा आहे. ती अपेक्षा पूर्ण करण्याची तयारी संकटाच्या वेळी करता येत नाही. ती आज, शांतपणे, एकेक अक्षर तपासूनच करावी लागते.